बाहेरचा आकडा आणि घरातला श्वास

रत्नागिरीचे नाव प्रदूषित शहरांच्या यादीत शोधले तर सापडत नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जाहीर केला. हवेची मानके सातत्याने ओलांडणाऱ्या शहरांत तेव्हा मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर ही अपेक्षित नावे होतीच, शिवाय कोल्हापूर, सांगली, जालना, लातूर हीही होती. रत्नागिरी नव्हती. समोर अरबी समुद्र, पाठीशी सह्याद्री, दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. अशा मुलखात धूळ आणि धूर हवेत फार काळ साठून राहत नाहीत, हे खरेच आहे. पण त्यातून आपण दुसरी एक गोष्ट न तपासता मान्य करून टाकतो, ती म्हणजे बाहेरची हवा चांगली, तेव्हा इथली माणसे चांगल्या हवेत श्वास घेतात. हे दुसरे विधान पहिल्यातून निघत नाही. उलट बाहेरची हवा जितकी स्वच्छ, तितका बाहेरच्या आकड्यावरून घरातल्या श्वासाचा बांधलेला अंदाज जास्त फसवा ठरतो. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात ही चूक दिल्लीपेक्षा मोठी होते, आणि तिची किंमत बहुतेक वेळा घरातल्या बाईला मोजावी लागते.

हा बाहेरचा आकडा येतो कुठून, ते आधी पाहू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता कार्यक्रमात हाताने नमुने घेणारी यंत्रे आठवड्यातून दोन दिवस चोवीस तास चालवायची असतात. म्हणजे वर्षाला १०४ दिवसांची नोंद, आणि तीही सगळे सुरळीत चालले तर. रत्नागिरी जिल्ह्यात या कार्यक्रमाची मोजणी खेड तालुक्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत होते. तिथे रासायनिक कारखाने असल्यामुळे ती जागा निवडणे योग्यच आहे. पण लोटे रत्नागिरी शहरापासून महामार्गाने शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. कारखान्यांच्या शेजारी घेतलेल्या नमुन्यावरून गुहागरच्या वाडीतली किंवा लांज्याच्या सड्यावरची हवा कशी सांगणार? ही उणीव भरून काढण्यासाठी उपग्रह आणि संगणकी प्रारूपे वापरली जातात. मोबाइलवर आपल्या गावाच्या नावासमोर दिसणारा आकडा पुष्कळदा अशाच प्रारूपातून आलेला असतो. काही जागतिक प्रारूपांची एक चौकट साधारण चाळीस किलोमीटर रुंदीची असते. एवढ्या चौकटीत समुद्र, खाडी, शहर, महामार्ग आणि डोंगरातली गावे सगळी एकत्र येतात. उपग्रह हवेतल्या कणांमुळे विखुरलेल्या प्रकाशावरून अंदाज करतो, त्यामुळे ढग आले की त्याला खाली काही दिसत नाही. जून ते सप्टेंबर कोकणावर ढगांचे छप्पर असते, म्हणून त्या चार महिन्यांतली माहिती सर्वांत तुटपुंजी. किनाऱ्यावरच्या हवेत समुद्राच्या मिठाचे कणही असतात. तेही धूलिकणांच्या वजनात मोजले जातात, पण आरोग्याच्या दृष्टीने मीठ आणि कोळशाचा किंवा लाकडाचा धूर एका मापाचे नाहीत.

एवढे असूनही बाहेरचा आकडा निरुपयोगी नाही, कारण बाहेरची हवा घरात येतेच. किती येते, याचे गणित शास्त्रज्ञांनी चांगले बसवले आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड या गावी १९९० साली १७८ माणसांच्या अंगावर, घरात आणि घराबाहेर एकाच वेळी कण मोजले गेले. त्या अभ्यासातून दिसले की अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे पीएम २.५, भिंतीच्या आणि खिडक्यांच्या फटींतून जवळजवळ बिनअडथळा आत शिरतात आणि आत आल्यावर तासाला ०.३९ या वेगाने खाली बसतात. यावरून हिशेब करता येतो. घरातली हवा तासाला पाच वेळा बदलत असेल, म्हणजे दारे-खिडक्या बऱ्यापैकी उघडी असतील, तर बाहेरच्या घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपैकी सुमारे ५६ आत पोचतात. घर बंद असेल आणि दोन तासांत एकदाच हवा बदलत असेल, तर सुमारे ३४. एकच रस्ता, एकच दिवस, शेजारी शेजारी दोन घरे, आणि आकड्यांत एवढा फरक. प्रत्येक प्रदूषकाची गोष्टही वेगळी. कार्बन मोनॉक्साइड कशाला चिकटत नाही की खाली बसत नाही, तो पुरा आत येतो. ओझोन भिंती, पडदे, कपडे यांच्याशी अभिक्रिया होऊन आत बराच कमी होतो. महामार्गाच्या चौपदरीकरणाची जाड धूळ उंबऱ्याच्या आत आली की लवकर बसते आणि झाडू लागला की पुन्हा उठते. तेव्हा ‘बाहेर इतके, म्हणून आत इतके’ असे एकच गुणोत्तर सगळ्यांना लावता येत नाही. तरी इथपर्यंतचा प्रश्न सुटण्याजोगा आहे. घर किती उघडे आणि कण केवढा, एवढे ठाऊक असले की बाहेरून आत येणाऱ्या भागाचा अंदाज बऱ्यापैकी जमतो.

खरा प्रश्न आत निर्माण होणाऱ्या भागाचा आहे. बाहेरच्या आकड्याला त्याचा पत्ताच नसतो. एक साधा हिशेब मांडून पाहू. स्वयंपाकघर तीस घनमीटरचे, म्हणजे मध्यम आकाराच्या खोलीएवढे. हवा खेळती, तासाला पंधरा वेळा बदलणारी. चुलीतून मिनिटाला दहा मिलिग्रॅम सूक्ष्म कण निघतात असे धरू. साध्या लाकडाच्या चुलीला हा आकडा कमीच लावला आहे. स्वयंपाक चालू असताना त्या खोलीत घनमीटरला सुमारे १,३०० मायक्रोग्रॅम कण साचतात. दिवसातून दोनच तास चूल पेटली, तरी चोवीस तासांच्या सरासरीत १०८ मायक्रोग्रॅमची भर पडते. बाहेरच्या हवेत त्या दिवशी ३० मायक्रोग्रॅम असतील तर त्यातले २९ आत येतील. बाहेरच्या आकड्यावर विसंबणारा म्हणेल २९, चुलीपाशी बसणाऱ्या बाईची सरासरी असेल १३७. आपल्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकात पीएम २.५ ची चोवीस तासांची सरासरी ३० पर्यंत असली की हवा ‘चांगली’ म्हणतात आणि १२० च्या पुढे गेली की ‘अत्यंत खराब’. एकाच घराचा एकच दिवस, आणि निर्देशांकाच्या दोन दूरच्या श्रेणी. हे आकडे रत्नागिरीत मोजलेले नाहीत, हिशेबासाठी धरलेले आहेत. पण त्यांची जात खरी आहे. आंध्र प्रदेशातल्या तीन जिल्ह्यांत चारशेवर घरांत कल्पना बालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजणी केली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यात श्वासासोबत फुप्फुसात जाणाऱ्या कणांची चोवीस तासांची सरासरी गॅस वापरणाऱ्या घरांत ७३, तर लाकूड-शेणी जाळणाऱ्या घरांत ७३२ मायक्रोग्रॅमपर्यंत आढळली.

या विषयाचा पाया घालणारे कर्क स्मिथ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातेतल्या खेड्यांत गेले आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मोजयंत्रे लावून त्यांनी धूर मोजला. तोवर हवेचे प्रदूषण म्हणजे शहर, गिरणी आणि मोटारगाडी, असेच जगभर मानले जात होते. चुलीपाशी त्यांना सापडलेले आकडे त्या काळातल्या कोणत्याही शहराच्या रस्त्यापेक्षा कितीतरी मोठे होते. पुढे त्यांनी एक ढोबळ नियम मांडला. घरात सोडलेला एक ग्रॅम धूर माणसाच्या फुप्फुसात पोचण्याची शक्यता बाहेर सोडलेल्या एक ग्रॅमपेक्षा सुमारे हजार पट असते. कारण उघड आहे. उंच धुराड्यातून निघालेला धूर वाऱ्यावर पसरतो, विरळ होतो, बराचसा कोणाच्याही नाकाजवळ येत नाही. खोलीत सुटलेला धूर नाकासमोरच सुटतो. जयगडला १,२०० मेगावॉटचा कोळशावरचा वीजप्रकल्प येणार म्हटल्यावर हापूसच्या मोहोराचे काय होईल, ही चिंता कोकणाने मोठ्या आवाजात मांडली, न्यायालयापर्यंत नेली, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे त्याचा अभ्यासही सोपवला गेला. ती चिंता रास्तच होती. पण आंब्याच्या झाडाभोवतीच्या हवेसाठी जेवढी आस्था दिसली, तिच्या चौथ्या हिश्शाने तरी त्याच बागेच्या मालकाच्या स्वयंपाकघरातली हवा कोणी मोजायला मागितली का? गॅसवाल्या घरातही आतले उगम असतातच. झोपताना लावलेली डासांची कॉइल घ्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉइल तपासल्या होत्या. एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींएवढे सूक्ष्म कण सोडते, असे त्यात आढळले. बंद खोलीत, रात्रभर, लहान मुलांच्या उशापाशी.

आता दिल्लीशी तुलना करू. दिल्लीत पीएम २.५ ची वार्षिक सरासरी १०० च्या आसपास असते. तिथल्या एखाद्या घरात आपल्या हिशेबातली तीच चूल पेटली, तर एकूण होईल २०५, त्यातले ९७ बाहेरून आलेले. बाहेरच्या आकड्याने निदान जवळजवळ निम्मी गोष्ट सांगितली. आपल्या कल्पित कोकणी घरात १३७ पैकी बाहेरून आले २९, म्हणजे पाचवा हिस्सा. बाहेरची हवा जसजशी सुधारते, तसतसा हा हिस्सा आणखी आक्रसतो आणि बाहेरचा आकडा घरातल्या माणसाविषयी कमी कमी बोलू लागतो. पावसाळ्यात तर बाहेरचा आणि घरातला आकडा उलट दिशांना जातात. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस बाहेरची हवा धुऊन काढतो, वर्षातले सर्वांत कमी आकडे तेव्हाच मिळतात. त्याच दिवसांत घरात काय असते? झडीमुळे दारे-खिडक्या बंद. आगोटीला पडवीत रचून ठेवलेली लाकडे जपली तरी हवेतली ओल शोषून घेतात, आणि ओले लाकूड जळण्यापेक्षा धुमसतेच जास्त. न वाळलेले कपडे चुलीच्या उबेला टांगलेले, म्हणून ती वेळेपेक्षा जास्त पेटती ठेवायची. संध्याकाळी डास, म्हणून कॉइल. भिंतींना बुरशी. ज्या महिन्यांत उपग्रहाला ढगांमुळे काही दिसत नाही आणि मोजणी केंद्र हवा उत्तम असल्याचे सांगते, त्याच महिन्यांत घरातला धूर बाहेर पडायला वाट नसते. वार्षिक सरासरी काढली की बाहेरच्या पावसाळ्याचे ते स्वच्छ आकडे सबंध वर्षाची प्रतिमा सुधारतात, आणि घरातले चार महिने त्यात कुठेही दिसत नाहीत.

आणि घरात असते कोण? २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार होती आणि दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया. महाराष्ट्रात हे प्रमाण सर्वांत जास्त. कारण कोकणाला ठाऊक आहे, कमावते पुरुष मुंबईला. मागे राहतात बायका, म्हातारी माणसे आणि मुले, आणि त्यांचा दिवस घराभोवतीच जातो. भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रीचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे निघाला, पुरुषाचा ९७. प्रदूषणाचा संपर्क म्हणजे हवेतला आकडा गुणिले त्या हवेत घालवलेला वेळ. शहरी नोकरदार पुरुषाचा दिवस डोळ्यांसमोर ठेवून केलेला अंदाज या जिल्ह्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना बसत नाही. पडवीत बसणारे आजोबा आणि चुलीपाशी बसणारी सून एकाच घरात राहतात, एकाच पत्त्यावर मोजले जातात, पण त्यांचा श्वास एक नाही.

यावर एक जोरदार आक्षेप आहे. हवेच्या प्रदूषणाने माणसे मरतात हे जगाला कळले तेच बाहेरच्या मोजणी केंद्रांवरून. १९९३ साली हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहा शहरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठ हजारांहून अधिक प्रौढांचा चौदा ते सोळा वर्षे पाठपुरावा केला होता. धूम्रपान वगैरेचा हिशेब करूनही सर्वांत प्रदूषित शहरातला मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघाला. कोणाच्या घरात काय आहे हे घरोघर न मोजताही निष्कर्ष टिकला, मग आताच का अडावे? उत्तर असे की त्या अभ्यासाचा प्रश्न वेगळा होता. बाहेरच्या हवेत वाढलेल्या कणांमुळे किती नुकसान होते, हे त्यांना शोधायचे होते. त्यासाठी बाहेरचा चढउतार माहीत असणे पुरेसे आहे. घरातला धूर बाहेरच्या आकड्याबरोबर वरखाली होत नसेल, तर तो त्या निष्कर्षात फारशी गडबड करत नाही. पण एखाद्या गावातली माणसे एकूण किती धूर घेतात, कोणाला दम्याचा किंवा सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा धोका जास्त, पैसे कुठे खर्चावेत, हे प्रश्न विचारले की त्याच आकड्याचा आधार सुटतो. पहिल्या कामासाठी बनलेले साधन दुसऱ्या कामाला तसेच्या तसे वापरणे, ही चूक सरकारी अहवालांतही सहज होते, म्हणून ती इतक्या ठासून सांगावी लागते.

दुसरा आक्षेप गॅसचा. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, आता घरोघर सिलिंडर आहे, चुलीचे काय घेऊन बसलात? सिलिंडर आले हे खरे आणि त्याने फार मोठे भले झाले. पण सिलिंडर आल्याने चूल विझत नाही. कोकणात सरपण विकत घ्यावे लागत नाही. नारळाची सोडणे, करवंट्या, चुडते, काजू-आंब्याच्या वाळक्या फांद्या परसातच पडलेल्या असतात, आणि भरलेल्या सिलिंडरला पैसे पडतात. म्हणून चहा आणि भाजी गॅसवर, आणि आंघोळीचे पाणी, भाकरी, सणासुदीचा मोठा स्वयंपाक चुलीवर, अशी वाटणी होते. सरकारी पाहण्यांत विचारतात, ‘मुख्य इंधन कोणते?’ उत्तर येते, ‘गॅस’. दुसऱ्या क्रमांकाचे इंधन कागदावर उतरतच नाही. शिवाय शेजारच्या घरातला धूर आहे, आणि उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी कवळ, पातेरा, शेण पसरून केलेली भाजावळ आहे. तिचा धूर बाहेरचाच म्हणायचा, पण शंभर किलोमीटरवरच्या केंद्राला तो दिसत नाही, दारातल्या माणसाला दिसतो.

कोणी म्हणेल, कोकणातले घर उघडे आणि कौलारू, धूर फटींतून निघून जातो, आत आणि बाहेर एकच. काही प्रमाणात हे खरे आहे, जुन्या कौलारू घराने स्वयंपाकघराला नकळत चांगले वायुवीजन दिले होते. पण वर केलेल्या हिशेबात तासाला पंधरा वेळा हवा बदलते असेच धरले होते, तरी १३७ आले. उघडे घर बाहेरची हवा आत घेते, आतला धूर शून्य करत नाही. आणि चाकरमान्यांच्या पैशातून कौले उतरून स्लॅब पडू लागले आहेत. स्लॅबखाली तीच चूल पेटली की हवा बदलण्याचा वेग घटतो आणि आकडा वाढतो.

मग सरळ घरात यंत्र लावून मोजा, अंदाज कशाला? हा आक्षेप योग्य दिशेचा आहे, पण अपुरा. स्वस्त संवेदक प्रकाशाच्या विखुरण्यावर चालतात. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि असे यंत्र त्यांचे वजन जास्त दाखवते. रत्नागिरीच्या पावसाळ्यात ते चांगल्या यंत्राशेजारी ठेवून त्याची दुरुस्ती करून घेतल्याशिवाय त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवता येणार नाही. नऊ तालुक्यांतल्या प्रत्येक घरात यंत्र लावणे तर अशक्यच. थोड्या निवडक घरांत, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, नीट मोजायचे आणि बाकीच्यांचा अंदाज करायचा, हाच मार्ग उरतो. त्यासाठी लागणारी माहिती फार अवघड नाही. आंध्रच्या त्या अभ्यासात स्वयंपाकघरातल्या धुराचा अंदाज करायला इंधनाचा प्रकार, स्वयंपाकघराची रचना आणि रोज किती इंधन जळते, ही माहिती सर्वांत उपयोगी ठरली. जनगणनेत छप्पर कशाचे, स्वयंपाक घरात होतो की बाहेर, इंधन कोणते, हे विचारलेले असते. आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची असंसर्गजन्य आजारांची जी तपासणीयादी भरते, तिच्यातही स्वयंपाकाचे इंधन नोंदवायची जागा आहे. बाहेरच्या आकड्यातून आत येणारा भाग काढायचा, त्यात या उत्तरांवरून आतल्या उगमांचा भाग मिळवायचा आणि घरात कोण किती वेळ असते त्याने गुणायचे. एकट्या माणसाचा आकडा यातून अचूक निघणार नाही. गावाचा निघेल, आणि कोणत्या गावात आधी जायचे हे ठरवायला तेवढा पुरे.

कायद्याची अडचण मात्र उरतेच. १९८१ चा हवा प्रदूषण कायदा आणि २००९ ची राष्ट्रीय मानके बाहेरच्या हवेसाठी आहेत. पीएम २.५ साठी त्यांनी घातलेली ४० मायक्रोग्रॅमची वार्षिक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेल्या ५ च्या आठ पट आहे. राहत्या घरातल्या हवेसाठी तर बंधनकारक मानक नाहीच. त्यामुळे रत्नागिरीतले एखादे स्वयंपाकघर कोणत्याही नियमाचा भंग करत नाही आणि कोणत्याही यादीत येत नाही. घरात धाड घालणारा निरीक्षक कोणालाच नको आहे, नसावाही. पण संघटनेने २०१४ साली घरगुती इंधनासाठी एक मापदंड दिला आहे: धुराडे नसलेल्या चुलीतून मिनिटाला ०.२३ मिलिग्रॅमहून जास्त सूक्ष्म कण निघू नयेत, धुराडे असेल तर ०.८०. वर हिशेबाला घेतलेली चूल, कमी लावूनही, दहाची होती. जिल्हा नियोजनातून धुराडी, पाण्यासाठी सौर बंब किंवा सिलिंडरच्या पुनर्भरणाला मदत द्यायची झाली, तर ती कोणत्या वाड्यांना आधी मिळावी हे लोट्याच्या यंत्रावरून ठरणार नाही. ते पावसाळ्यातल्या स्वयंपाकघरांवरून ठरवावे लागेल, आणि तिथली मोजणी अजून व्हायची आहे.